भावाचं लुगडं

वलगावच्या बुधाजीची लेक ललिता नवं कापड अंगाला लावून घेत नसे. ऐकणारा म्हणतो, बापाचे लाड. असं म्हणणारे वलगावातही पुष्कळ होते. दुसऱ्याच्या लेकराला वळण कसं लावावं हे लोकांना फार चांगलं कळतं. पण लाडानं कोणाच्या अंगावर चट्टे उठत नाहीत. कापड ताठ दिसावं म्हणून नव्या लुगड्याला खळ लावलेली असते. ती खळ कातडीला लागली की पोर विस्तवावर पाय पडल्यासारखी ओरडायची, आपलंच मनगट चावायची आणि मग दोन दिवस अन्नाला शिवायची नाही. आवाजाचंही तसंच. लग्नातला बाजा वाजो, मोटारीचा भोंगा वाजो, की घरात साधी परात पडो, हात कानांवर. बोलणं जवळजवळ नाहीच. आपण विचारलेल्यातला शेवटचा शब्द तेवढा ती परत करायची. 'भूक लागली?' म्हटलं तर 'लागली.' अशा लेकरांना डॉक्टरांच्या पुस्तकात काही नाव असेलही. वलगावात एकच होतं. येडी.

ही येडी कापूस वेचायला बसली की मात्र बाकीच्या बायांनी तोंडात बोट घालावं. तिच्या बोंडात पानाचा चुरा म्हणून सापडायचा नाही. बोटांना सगळं कळायचं. जे बोटांना कळतं तेच सगळ्या अंगाला कळत होतं, एवढंच तिचं दुखणं.

आई होती तोवर याचा कोणाला त्रास नव्हता. जाईबाईनं आपली एक तोड काढली होती. दरसाल एक नवं लुगडं यायचं, हिरवं, लाल काठाचं. ललिताला दुसरा रंग चालत नसे. ते वर्षभर जाईबाई नेसायची. तिच्या अंगाच्या घामानं, उन्हानं, नदीवरच्या धुण्यानं त्याची खळ जायची, कापड पार सायीसारखं मऊ व्हायचं, आणि मग ते लेकीच्या अंगावर चढायचं. माय अगोदर सोसायची आणि लेक मग नेसायची.

सत्तावन्नच्या पावसाळ्यात जाईबाई तापानं गेली. पोरीनं रडून घेतलं नाही. नुसती आईच्या लुगड्याचा काठ गालाला घासत बसली. आईची मागे राहिलेली दोन लुगडी तिनं दीड वर्ष नेसली. अठ्ठावन्नच्या दिवाळीपर्यंत त्यांची चाळण झाली. ललिता तेव्हा सतरा वर्षांची. फाटक्या लुगड्यातून अंग दिसायला लागलं तशी गावातली टवाळ पोरं मागं लागू लागली आणि बुधाजीनं तिला घराबाहेर पडू देणं बंद केलं. दार बंद करून तो कामाला जायचा. आत ती भिंतीवर डोकं आपटायची. ते त्याला अर्ध्या गल्लीपर्यंत ऐकू यायचं.

त्यानं काय केलं नाही? नवं लुगडं आणून सोड्यात उकळलं, दगडावर आपटलं, पंधरा दिवस रोज धुतलं. पोरीनं नाकाशी नेलं आणि फेकून दिलं. कापड माणसाच्या अंगावर वागवलेलं आहे की नुसतं बडवलेलं, हे तिला कोणी सांगावं लागत नसे. पंचफुला, बुधाजीची बहीण, जवळच राहायची. पण तिच्या घरी पाच सुना-लेकी आणि एकेका लुगड्यावर दोघींचा डोळा; तिथं नेसायला दिलेलं लुगडं परत येणं नाही. तिनं सरळच सांगितलं, की भाऊ, आता हिला नागपूरला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन सोड, तिथं निदान सरकारी कपडे तरी मिळतील. बुधाजी म्हणाला, ते कपडेही नवेच असतील. पंचफुलाला हे उलट उत्तर वाटलं. ते उत्तर नव्हतं, तो त्या पोरीचं सगळं मरण डोळ्यांसमोर पाहून बोलत होता. दिवाळी होईपर्यंत वाट पाहू, मग नेऊ, असं शेवटी ठरलं.

म्हणून दिवाळीच्या आठ दिवस आधी तो ललिताला घेऊन अमरावतीला निघाला. कुठल्या तरी दुकानात एखादं असं लुगडं सापडेल जे तिची बोटं कबूल करतील, ही एकच आशा. मोटार तिला सोसायची नाही, म्हणून पायी. अंगावरच्या फाटक्या लुगड्यावरून त्यानं आपलं धोतर तिला गुंडाळलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर जवाहर गेटच्या आतल्या बाजारात जायचं म्हणजे धडधाकट माणसानं नवस बोलून जावं. त्यात ओमप्रकाश शेठच्या कापडदुकानाशेजारी एका तांबटाचं दुकान. तिथं हंड्यावर हातोडी चाललेली. ललिता दारातच डोळे मिटून उभी राहिली. तिनं डोळे मिटले म्हणजे पुढं काय हे बुधाजीला ठाऊक होतं, पण इतकं चालून आल्यावर परत कसं फिरावं? त्यानं तिला आत नेलं. शेठजीनं दुकानदारांच्या रीतीनं कोऱ्या लुगड्याची घडी फडाफड मोडली आणि रंग खुलतो का हे दाखवायला ते सरळ पोरीच्या खांद्यावर टाकलं.

ललिता किंचाळली. गादीवर पडली, घुमल्यासारखी डोलायला लागली. दुकानातल्या बाया मागे सरकल्या, आणि मग त्यांतली एक म्हणाली, की अंगात आलं. झालं. एवढं एक वाक्य पुरतं. कोणी कुंकू आणलं, कोणी लिंबू आणलं, रस्त्यावरचे आत घुसले. एका म्हातारीनं हात जोडून विचारलं, "तू कोण होय माय?"

"माय," ललिता म्हणाली.

माय आली म्हणून लोकांनी दुकानातच माना टेकवल्या. बुधाजीला हसावं की रडावं कळेना. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला नागपूरला जाऊन त्यानं आणि जाईबाईनं दीक्षा घेतली होती, घरातले सगळे देव नदीत सोडले होते, आणि आता भर बाजारात लोक त्याच्याच लेकीच्या कपाळाला कुंकू फासत होते. तो गर्दीत हात घालून एकेकाला सांगू लागला, की तिच्या अंगात कोणी येत नाही हो, तिला कापड टोचतं. कोण ऐकतो?

पाया पडायला जी बाई वाकली तिचं नाव पार्बताबाई. नांदगाव खंडेश्वरच्या चंद्रभान पाटलाची बायको, पन्नाशीची, अंगानं भरलेली. तीही देवी समजूनच वाकली होती, खोटं कशाला सांगू. वाकताना तिचा पदर सुटून ललिताच्या हातावर पडला. धुळीच्या प्रवासाला म्हणून नेसलेल्या लुगड्याचा, जुना, दहा ठिकाणी विरलेला, हिरवा. ललिताची मूठ मिटली. तिनं तो पदर ओढून गालाशी नेला, घासला, आणि ओरडणं थांबलं.

पार्बताबाईला उठता येईना. तिनं बुधाजीकडे पाहिलं आणि पहिल्यांदा कोणीतरी त्याला विचारलं, की पोरीला काय होतं. त्यानं सगळं सांगितलं: आई, खळ, चट्टे, नागपूर. ती तशीच गादीवर बसून ऐकत राहिली. मग तिनं नवऱ्याला तांबटाकडे धाडलं. तो तांबट भला माणूस. दिवाळीचा धंदा सोडून हातोडी मांडीवर ठेवून बसून राहिला. शेठजीनं पुढच्या दोन फळ्या लावून घेतल्या आणि गिऱ्हाइकांना उद्या यायला सांगितलं. एक गिऱ्हाईक रागानं पुटपुटत गेलं, जाऊ दे. दुकानात एकाएकी इतकं शांत झालं की ललिताचा श्वास ऐकू येत होता.

तेव्हा बुधाजीनं एक गोष्ट केली. उगाच नंतर कोणी फसवलं म्हणू नये, म्हणून त्यानं आपली जात सांगितली. म्हणजे जुनी होती ती आणि आता बौद्ध, हे दोन्ही. पार्बताबाईचा हात पदराकडे गेला, हे त्यानं पाहिलं. मग तो हात तसाच परत मांडीवर आला. पदर पोरीच्या गालावरच राहिला.

ती म्हणाली, की माझ्या गाठोड्यात असंच एक जुनं लुगडं आहे, ते घेऊन जा.

बुधाजी उभा राहिला. "बाई, राग नोको मानू. आमी उतरलेलं घेत नाई."

चंद्रभान पाटील हसला. पोरीच्या अंगावर चिंधी नाही आणि तोरा पाहा, असं तो काहीसं बोललाही. पण बुधाजीची आई आयुष्यभर लोकांची उतरलेली लुगडी नेसली होती. मेलेल्या बायांचीसुद्धा, तेराव्याला वाड्याबाहेर फेकलेली. दीक्षा घेतली त्या रात्री जाईबाईनं आणि त्यानं आपल्या मनानं आणखी एक शपथ घेतली होती, की कोणाच्या अंगावरून उतरलेलं आपल्या घरात येणार नाही. ती शपथ घेणारी आता नव्हती, म्हणून तर ती मोडणं जास्त अवघड. हे सगळं त्यानं पाटलाला सांगितलं नाही. पार्बताबाईलाही नाही. एवढंच म्हणाला, की आमचं आम्ही विकत घेऊ.

"घे ना मंग इकत," पार्बताबाई म्हणाली. "पण नेसून नरम कोन करन? घरात बाई नाई."

"नाई."

"मंग?"

"मंग काय, मी लुगडं नेसू?" बुधाजी चिडून म्हणाला, आणि फळीच्या फटीतून पाहणारे सगळे हसले. पुरुषाला लुगडं नेसायला सांगणं यापरीस मोठी शिवी आपल्याकडे नाही.

पार्बताबाई हसली नाही. तिनं गादीवर पडलेल्या कोऱ्या लुगड्याचा काठ बोटांनी चाचपला. मग म्हणाली, "तू नवं घे. ते मले दे, मी वर्षभर नेसतो. तवरोक माहं जुनं तुह्यापाशी ठेव. देलं नाई, ठेवाले देलं. पुढच्या साली ज्याचं त्याले वापस."

बुधाजीला यात कुठं खोट काढता येईना. त्यानं तिथंच एक हिरवं, लाल काठाचं लुगडं विकत घेऊन तिच्या हातावर ठेवलं. शेठजीनं दिवस ठरवून दिला. म्हणाला, पौषात या. पौषात लग्नं नाहीत, महिना अशुभ म्हणून कोणी कापड घेत नाही, दुकान अगदी रिकामं. पौषाच्या पुनवेला दुपारी मी दुसरं गिऱ्हाईक घेणार नाही. आमच्या पाटलाच्याही कापसाच्या बैलबंड्या तेव्हाच बाजारात येतात, पार्बताबाई म्हणाली. औंदाचा पौष सोडून पुढचा धरायचा ठरला. बुधाजीला पौष काय आणि श्रावण काय. त्यानं ते सगळं नदीत सोडलेलं होतं.

ललिता त्या जुन्या लुगड्यात पायी घरी आली. दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला गेली. पंचफुलानं पुन्हा नागपूरचं नाव काढलं नाही.

तिकडे नांदगावात पार्बताबाईला विचारणारे होतेच. पाटलाच्या बायकोच्या अंगावरचं लुगडं कोणी घेतलं? नवऱ्यानं घेतलं नाही, मग परक्या पुरुषाचं का? परक्याचं लुगडं बाई अंगाला लावत नाही; एक नवरा देतो, नाही तर भाऊ देतो. पार्बताबाईला भाऊ नव्हता, माहेरचं कोणीच उरलं नव्हतं. तिनं सरळ सांगून टाकलं, की भावानं दिलं. कोणता भाऊ? वलगावचा. कोणाचा कोण? माझा. पाटील आठ दिवस तिच्याशी बोलला नाही, मग बोलायला लागला. हे तिनं पुढच्या पौषात दुकानात हसत हसत सांगितलं. बुधाजी खाली मान घालून ऐकत होता. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

असे चार पौष गेले. दर पुनवेला बापलेक पायी यायची, दुपारी फळ्या अर्ध्या लागायच्या, तांबट हातोडी ठेवून पाण्याला जायचा. बुधाजी नवं लुगडं घ्यायचा आणि बहिणीच्या हातावर ठेवायचा. ती वर्षभर नेसलेलं, धुऊन घडी घातलेलं परत द्यायची. ललिता घडीकडे पाहायची नाही. ती अगोदर पार्बताबाईचा पदर धरून गालाशी न्यायची, डोळे मिटून जरा वेळ तशी राहायची, आणि मगच सोडायची. एकदा पार्बताबाईनं विचारलं, "बरी हायेस काय बाई?" ललिता म्हणाली, "बाई." त्या एका शब्दावर पार्बताबाई वर्षभर खूश होती म्हणे.

चौसष्टच्या पौषात दुकानात पार्बताबाई नव्हती. एक तरुण बाई बसली होती, मांडीवर घडी. ती कौशल्या, पार्बताबाईची सून. बुधाजीच्या हातात नुकतंच घेतलेलं कोरं लुगडं होतं. शेठजीला आधीच कळलं असावं, कारण आज त्यानं लुगड्याचे पैसे घेताना मान वर केली नव्हती.

कौशल्यानं सांगितलं, की सासूबाई कार्तिकात गेल्या. आठ दिवस पोट दुखलं, अमरावतीला इर्विन दवाखान्यात न्यायचं म्हणेपर्यंत आटोपलं. मग ती पुढचं सांगताना अडखळली. सवाष्ण बाई गेली म्हणजे अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं घालतात. माहेरचं आणणारं कोणी नव्हतं. घरातल्या बाया म्हणाल्या, हे भावानं दिलेलं आहे की, हिरवंच आहे, हेच घाला. पण सासूबाईंनी मरायच्या आधी दोनदा बजावून ठेवलं होतं.

"काय म्हने?"

"'भावानं देलं, पन माहं नाई,' म्हने. 'त्या पोरीचं हाये. पुनवेले नेऊन दे.'" कौशल्यानं डोळ्यांना पदर लावला. "मंग सासरचंच घातलं."

बुधाजी खाली बसला. माझं गाव ठाऊक होतं, माणूस धाडला असता तर मी लुगडं घेऊन पळत आलो असतो, असं त्याला म्हणायचं होतं. पण कोण कुणाला धाडणार? नांदगावच्या पाटलाच्या वाड्यातून वलगावच्या बौद्धवाड्यात, की तुझी बहीण गेली, लुगडं आण? तसं कोणी करत नाही. आणि केलं असतं, तरी त्या घोळक्यात त्याच्या हातचं लुगडं तिच्या अंगावर घालू दिलं असतं का, हेही त्याला ठाऊक नव्हतं. हातातली घडी त्यानं मांडीवर ठेवली. कोरी, ताठ, कुठं सुरकुती नाही.

कौशल्यानं दुसरी घडी पुढे केली. मेलेल्या बाईच्या अंगावरचं लुगडं. ज्याच्यासाठी त्याची आई वाड्याबाहेर उभी राहायची, तेच. बुधाजीनं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं. हे उतरलेलं नव्हतं. हे त्याचंच होतं, त्यानंच विकत घेतलेलं, आणि कोणीतरी ते मरतानासुद्धा आपल्या अंगावर ठेवून घेतलं नव्हतं.

ललितानं पदर धरायला हात पुढे केला. कौशल्याचा पदर तिनं बोटांनी चाचपला आणि सोडून दिला. मग बापाच्या हातातलं लुगडं घेतलं, उकललं, नाकाशी नेलं. ते नऊ-दहा महिनेच नेसलेलं. अर्धं नरम, अर्धं राठ. तिनं ते धरलं आणि गादीवर नेहमीच्या जागी, दाराकडे तोंड करून बसली. तिला उठवणं कोणाला जमलं नाही. कौशल्या बंडी जायची म्हणून निघून गेली. तांबटानं त्या दिवशी हातोडी हातात घेतलीच नाही. दिवे लागायच्या वेळी ललिता आपणहून उठली आणि एक शब्द बोलली, कोणी काही विचारलेलं नसताना.

"बाई," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरली.

अर्धं नरम लुगडं दुसऱ्या दिवशी ललिता नेसली. खांद्यावर, गळ्याशी खाजवत होती, पण नेसली. कोरं लुगडं बुधाजीनं खुंटीवर टांगलं. अंगावरचं कसंबसं वर्षभर टिकणार. मग काय? तो त्या हिरव्या घडीकडे दोन दिवस पाहत राहिला. नागपूरचं नाव आता पंचफुला काढणार हे त्याला कळत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बुधाजीनं आपलं धोतर सोडलं, कोरं लुगडं खुंटीवरून काढलं, दुहेरी करून कमरेला गुंडाळलं, काष्टा मारला, आणि भर उजेडात दार उघडून कामाला निघाला.

आता गाव काय बोललं ते कशाला सांगू? पारावरचे उठून उभे राहिले. पोरं टाळ्या पिटत शिवारापर्यंत मागं आली. त्याच्याच समाजातले दोघे समजावायला आले, की बुधाजी, आपण मान मिळवण्यासाठी एवढं केलं आणि तू असा सोंग काढून फिरतोस. पंचफुला तर रस्त्यातच रडली, की भाऊही येडा झाला. बुधाजीचे कान लाल झाले; तो काही साधू नव्हता, त्याला लाज वाटत होती, भयंकर वाटत होती. कोणीतरी ओरडून विचारलं, की कोणाचं लुगडं आहे रे?

"माह्या बहिनीचं," तो म्हणाला आणि चालत राहिला.

दिवसभर त्यानं उन्हात वखर हाणला. लुगडं घामानं भिजलं, मातीनं माखलं, मांड्या सोलवटल्या. खळ किती टोचते हे त्याला त्या दिवशी कळलं. लेकीला जन्मभर काय होत होतं ते साठीच्या बापाला एका दिवसात कळलं, आणि बांधावर बसून तो हमसून रडला.

संध्याकाळी घरी आला तेव्हा ललिता चुलीपाशी होती. तिनं त्याच्या कमरेकडे पाहिलं. उठून जवळ आली, लाल काठ उचलला, गालाशी नेला आणि एकदा घासला.

मग तिनं तो सोडून दिला. अजून नरम झालं नव्हतं.

बुधाजीनं ते लुगडं नदीवर धुतलं, वाळवलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच नेसून कामाला गेला.